उकळलेल्या कात्रीवर गोमूत्र

उकळून काढलेल्या कात्रीवर म्हातारीनं गोमूत्र शिंपडलं. माझ्या डोळ्यांदेखत. लोटा तिनं घरूनच आणला होता, बैलगाडीत अडलेल्या सुनेच्या उशाशी ठेवून. कात्री, चिमटे, सुया, सगळ्यांवर शिंपडून झाल्यावर मला म्हणाली, "सरक मागं. सावली पडती तुजी."

निजामाच्या राज्यातला तालुक्याचा दवाखाना. तिथं बायकांच्या खोलीत मी हत्यारं उकळायचे. पितळी डबा, स्टोव्ह, काढायला लांब चिमटा. हत्यारांना माझं बोटही लागत नव्हतं. पण उकळणारी मांगीण होती, म्हातारीला तेवढं पुरलं.

मी डॉक्टरीणबाईंकडं बघितलं. त्या हात धुऊन उभ्या होत्या. उकळून काढलेल्या हत्याराला काहीही लागलं तरी ते पुन्हा डब्यात टाकायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी कात्री उचलायला चिमटा पुढं केला.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

म्हातारीचा लेक देशमुख. तहसीलदाराच्या बैठकीत बसणारा. बाईंनी तीच कात्री उचलली आणि कामाला लागल्या.

माझी आई सुईण. बाळंतपण अडलं की तिला मागच्या दारानं बोलवायचे. नाळ कापायला तिचा हात चालायचा. ती बाहेर पडली की तिनं पाय ठेवलेली जमीन सारवून घ्यायचे. हे बघत मी मोठी झाले. म्हणून दवाखान्यात पहिल्याच दिवशी बाई "पाणी दे गं" म्हणाल्या आणि माझ्या हातचा पेला त्यांनी तोंडाला लावला, तेव्हा मी हरखून गेले. घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बामनाची बाई पेली? खरं सांगतीस?" त्या एका पेल्यापायी मी त्या बाईवर जीव टाकला. खुळी होते.

सून कोवळी पोर. कळ आली की माझं मनगट घट्ट धरायची. सासू खेकसायची, तरी सोडायची नाही. बाळ वाचलं. पोरीला मात्र ताप भरला, टाक्यांत पू झाला. तडफडून गेली.

देशमुख व्हरांड्यात येऊन आरडाओरडा करायला लागला. बाईंनी मला आत औषधांच्या खोलीत ओढलं.

"हत्यारं नीट उकळली नाहीत, चूक झाली, असं म्हण. माझी नोकरी जाईल गं. तुला मी झाडलोटीला ठेवून घेते."

"तुमी बघितलं न्हाई का, बाईसाहेब?"

"बघितलं. पण तू समजून घे. तुम्हा लोकांना बोलणी खायची सवय असते."

सवय. म्हातारीनं शिंपडलं ते मला एवढं लागलं नव्हतं. तिच्याकडून मी दुसरी कसली अपेक्षा करणार होते? हे मात्र काळजात घुसलं. माझ्या हातचं पाणी प्यायलेलं तोंड हे बोललं.

चूक झाली म्हणाले असते तर पोट भरलं असतं. पण मांगिणीच्या हातानं देशमुखाच्या घरची सून मेली, ही गोष्ट गावोगाव गेली असती. मग आमच्यातल्या कोणाला त्या खोलीत पुन्हा पाय ठेवू दिला असता? आणि ती पोर कशानं मेली, हे तिच्याबरोबरच जळून गेलं असतं.

मी व्हरांड्यात गेले. म्हातारी खांबाला टेकून बसली होती.

"म्या उकळलेली कात्री साफ हुती," मी म्हणाले. "आजीनं तिच्यावर गोमूत्र टाकलं. बाईसाहेबांनी बघितलं अन् तशीच वापरली. तुमच्या घरची सून तुमच्याच लोट्यानं मेली."

देशमुखाचा जोडा माझ्या तोंडावर बसला. ओठ फाटला. बाई फरशीकडं बघत राहिल्या. मला त्याच दिवशी बरखास्त केलं. पण "चूक झाली" हे शब्द माझ्या तोंडून कोणाला काढता आले नाहीत.

आता मी आईचंच काम करते, पण आईसारखं नाही. पुढच्या दारानं जाते. घरातल्या चुलीवर, घरातल्याच पातेल्यात, माझ्या हातानं पाणी आणि कात्री उकळते. हे चालणार नसेल त्या घरी जात नाही. आई रडते. "बाळंतिनीला अडवू नगं गं, पाप हाय." मी बाळंतिणीला अडवत नाही, आई. अडवतात ते.

परवा देशमुखाची गाडी आली. त्याचं दुसरं लग्न झालेलं. गडी म्हणाला, "चल बिगीनं. म्हातारीनं मागल्या दारानं ये म्हनलंय."

आत कुठली तरी पोर कळा सोसत असणार, हे मला ठाऊक होतं. माझं मनगट दुखायला लागलं.

"म्हातारीला सांग," मी म्हणाले, "पुढलं दार उघड. चुलीवर पातेलं ठेव. लोटा भाईर फेक. कबूल आसंल तर गाडी परत आन."

गड्यानं बैल वळवले. मी कात्री पदराला बांधली आणि उंबऱ्यात बसले. जायची पूर्ण तयारी करून. पण मागच्या दारानं नाही.