टायगरचा सुळा

मी फौजेत सतरा वर्षं कुत्री सांभाळली. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला रणगाडे हवे असतात. आमच्या डॉग युनिटमध्ये पहाटे पाचला फॉल-इन व्हायचं आणि पहिलं काम म्हणजे आपापल्या कुत्र्याचं तोंड तपासणं. ओठ वर करायचा, दात आणि हिरड्या पाहायच्या. दाताचा नुसता टवका उडाला असेल तर घाबरायचं नाही. खेळायला दगड द्यायचा नाही आणि रोज नजर ठेवायची. तुटल्या जागी गुलाबी ठिपका दिसला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. त्या ठिपक्याखाली नस उघडी पडलेली असते.

हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो. तुर्भ्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी धरली. तिथे गेटवर माझ्या हाताखाली म्हात्रे होता, सानपाडा गावचा. त्याची भातशेती नव्या शहरात गेली होती. टायगर हा त्याचा अर्धा अल्सेशियन कुत्रा. पूर्वी तो दिवसभर बांधावरून हुंदडायचा. शेत गेलं, रस्ता आला, ट्रक आले, म्हणून म्हात्रेनं त्याला जाड लोखंडी साखळीनं ओटीच्या खांबाला बांधलं. कुत्रं वाचावं म्हणूनच बांधलं बिचाऱ्यानं.

एका रविवारी सकाळी म्हात्रे सायकलवरून धापा टाकत आला.

"हवालदार, चला लवकर. टायगर पिसालला. बायकोला चावला."

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणाबाहेर अर्धं गाव जमलं होतं. म्हात्रेची बायको मनगटाला फडकं गुंडाळून पायरीवर बसली होती. त्याचा चुलतभाऊ पांडू पहार घेऊन पुढे झाला होता. टायगर खांबापाशी उभा, तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

"बाजूला व्हा," पांडू म्हणाला. "कालपासून खाल्ला नाय. पानी बी पीत नाय. आजून कोनाला चावंल."

"थांब. कुणी पुढे यायचं नाही," मी म्हणालो. आवाज परेडचाच निघाला. पांडू थांबला, पण पहार खाली आली नाही.

मला भीती वाटत होती, ती लपवत नाही. पिसाळलेल्या कुत्र्यापुढे सतरा वर्षांचा अनुभव कामाला येत नाही. मी लांबूनच पाहत राहिलो. लाळ डाव्या बाजूनंच जास्त गळत होती. टायगर मधूनच डावा गाल पंजानं खाजवत होता. मग तो आपणहून पाण्याच्या भांड्याकडे गेला, जीभ लावली आणि किंकाळी फोडून मागे सरला.

"बगा, पान्याला भितो!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

मी साखळीकडे पाहत होतो. मधल्या कड्या चावून चावून चकचकीत झाल्या होत्या.

"भांड्यात पाणी कुठलं आहे?"

"माठातला," म्हात्रे म्हणाला.

"चुलीवरचं कोमट आणा."

"आंघोल घालताव काय त्याला?" पांडू खवळला. "आनि नाय प्यायला तर?"

"तर तुझी पहार आहेच."

म्हात्रेनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. मी बांबूनं कोमट पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. टायगरनं वास घेतला आणि तो थांबला. मग त्यानं मान उजवीकडे कलती केली आणि जिभेनं पाणी ओढायला लागला. भांडं रिकामं झालं, तरी तो चाटतच राहिला. पांडूनं पहार भिंतीला टेकवली.

"तरीही हात कुणी लावायचा नाही," मी बजावलं. "दहा दिवस नजर ठेवायची. वहिनी, जखम साबणानं धुवा आणि आजच दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू करा."

दुपारी ठाण्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तोंड बांधून गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि ओठ उचलला. वरच्या डाव्या सुळ्याचं टोक उडालं होतं आणि मधोमध गुलाबी ठिपका होता. लोखंड चावून चावून दात गेला होता आणि उघड्या नसेला माठातलं गार पाणी झोंबत होतं. डॉक्टरांनी तो काढला. दहा दिवस झाले आणि टायगर ठणठणीत राहिला. म्हात्रेनं अंगणाला कुंपण घालून त्याला मोकळं सोडलं.

नंतर एकदा चहा देताना वहिनींनी विचारलं, "सगली म्हनत होती पिसालला. तुमीच कसं थांबलाव?"

मग मी सांगितलं. सीमेवरच्या एका पोस्टवर आमच्याकडे सुरुंग हुंगून काढणारी हिरा नावाची कुत्री होती. तिचा हँडलर नाईक सुदाम गुरव. तिनं खाणं सोडलं, लाळ गाळू लागली, तोंडाला हात लावू देईना, बर्फाच्या पाण्याला तोंड लावेना. वाट बंद, डॉक्टर खाली अडकलेले. सुदाम म्हणत राहिला, "साब, दो दिन दीजिए." वायरलेसवर हुकूम आला, "रिस्क नको. डॉगला गोळी घाला. ओव्हर." पोस्टवर इतकी माणसं होती, हुकूम चुकीचा म्हणवत नाही. गोळी घातली. तिसऱ्या दिवशी गस्तीची तुकडी कुत्र्याविना निघाली. 'हिराची वाट मला पाठ आहे' असं म्हणून सुदाम सगळ्यांच्या पुढे झाला आणि सुरुंगावर पाय पडून जागीच गेला. वाट उघडल्यावर डॉक्टर वर आले आणि त्यांनी हिराचं तोंड उघडून पाहिलं. सुळा तुटला होता, बाकी काही नव्हतं.

वहिनींनी हातातली किटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्याच्या घरी कोन होता?"

"आई. मी गेलो होतो भेटायला."

"काय सांगितलाव तिला?"

सुरुंगाचं सांगितलं होतं. दाताचं नाही सांगवलं.