आठ नंबरची राखाडी चौकट

"मॅडम, आठ नंबर गेला!"

फोनवर सिस्टर रसिका होती. वैजयंता वाहुळे तेव्हा दुसऱ्या मजल्यावर एक्स-रे विभागातला प्रिंटर उघडून बसली होती. रुग्णालयात 'गेला' म्हटलं की एकच अर्थ होतो. माणूस गेल्यावर मला कशाला फोन, हे तिला कळेना. मग रसिका म्हणाली, "पेशंट आहे हो, पडद्यावरून गेलाय. चौकट राखाडी झालीय. आत्ता या."

बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. वैजयंता हाताला शाई तशीच घेऊन जिन्याने वर धावली.

अतिदक्षता विभागात बारा खाटा. प्रत्येक खाटेशेजारी एक मॉनिटर, आणि त्या बाराही मॉनिटरांच्या रेषा मधल्या टेबलावरच्या एका मोठ्या पडद्यावर उमटायच्या. म्हणजे एका जागी बसलेल्या नर्सला बारा हृदयं दिसत राहायची. आता अकराच दिसत होती. आठव्या चौकटीत राखाडी रंग आणि मधोमध एक आडवी रेघ.

"खाटेजवळचा मॉनिटर चालूय," रसिका सांगत होती. तिचा आवाज अजून ताळ्यावर आला नव्हता. "त्याचे ठोके अडतीसवर आले होते. खाटेजवळ अलार्म वाजत होता, पण मी तिकडे तीन नंबरच्या खाटेभोवतीच्या पडद्याआड होते. इथे टेबलावर काहीच वाजलं नाही. नशीब, माझ्या कानावर आलं."

खाटेवर वरसाव्याचे बाबाजी होते, सत्तरीचे, खाडीत होडी घालून मासे मारत आयुष्य काढलेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं, ठोके परत वर आले होते. काचेच्या दरवाजाबाहेर त्यांची बायको शालू पदर तोंडाशी धरून उभी होती.

वैजयंताने मॉनिटर बंद करून पुन्हा चालू केला. चौकट हिरवी झाली. रसिकाने श्वास सोडला. वैजयंताने मात्र सोडला नाही, कारण बिघाड कशामुळे ते तिला कळलं नव्हतं, आणि चार मिनिटांनी चौकट पुन्हा राखाडी झाली.

भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीच्या मागच्या रस्त्यावरच्या या साठ खाटांच्या खासगी रुग्णालयात ती अकरा वर्षं नोकरी करत होती. वडील कोंडिराम जिंतूरकडून आलेले, काशीगावात दोन खोल्यांत संसार मांडलेला. बारावीनंतर तिने भाईंदरलाच हार्डवेअरचा कोर्स केला आणि पडेल ते शिकत गेली. प्रिंटर, कॅमेरे, बिलिंगचे संगणक, सगळं तीच बघायची. सगळे तिला 'कॉम्प्युटर मॅडम' म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं.

पण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. कोर्समध्ये सबनेटिंगचे, म्हणजे जाळ्यातल्या पत्त्यांचे गट पाडायचे, तीन दिवस तिच्या डोक्यावरून गेले होते. परीक्षेत तिने शेजारणीचं बघून लिहिलं होतं. तेव्हापासून प्रत्येक यंत्राला पत्ता देताना खालच्या 'मास्क'च्या ओळीत ती 255.255.255.0 भरत आली होती. तो आकडा काय सांगतो हे तिला माहीत नव्हतं. चालायचं. अकरा वर्षं चाललं. कुणी विचारलं तर काय, ही धाकधूक मात्र अकरा वर्षांत एक दिवसही गेली नव्हती.

आठ नंबरच्या मॉनिटरचा पत्ता 10.20.4.208 होता; शेवटचा आकडाच काय तो प्रत्येक यंत्राचा वेगळा. वैजयंताने त्याची वायर काढली आणि आपल्या लॅपटॉपवरून त्याच पत्त्याला हाक दिली. वायर काढल्यावर उत्तर यायला नको होतं. आलं. राउटरच्या यादीत तिने पाहिलं, तर त्या पत्त्यावर एक मोबाइल फोन होता. बाहेर बसलेल्या कुणातरी नातेवाइकाचा. एका घराची दोन माणसांच्या नावावर नोंद झाली की टपाल कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जातं, तसंच झालं होतं.

आणि मग तिला आठवलं.

तीन महिन्यांपूर्वी वायफाय जोडलं जात नाही म्हणून नातेवाइकांच्या तक्रारी येत होत्या. व्यवस्थापक उत्तम सर रोज विचारायचे. फोनना आपोआप पत्ते वाटण्याची मर्यादा एकशे नव्याण्णवपर्यंत होती. तिने ती वाढवून अडीचशे केली. दोन मिनिटांचं काम. अतिदक्षता विभागाचे मॉनिटर दोनशे एक ते दोनशे बारा या पत्त्यांवर आधीपासून बसलेत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. गर्दी कमी असेपर्यंत फोन तिथवर पोचत नव्हते. आज पोचले होते.

म्हणजे हे मी केलंय. अडतीसवर आलेले ठोके टेबलावर दिसले नाहीत, ते माझ्यामुळे.

तिने सगळ्यात आधी नातेवाइकांचं वायफाय बंद केलं आणि मॉनिटरची वायर परत लावली; आठवी चौकट हिरवी झाली. दहा मिनिटांत उत्तम सरांचं बोलावणं आलं.

"मॅडम, खाली लोक ओरडतायत. किती वेळ बंद राहणार?"

"सर, सगळं एकाच जाळ्यात आहे. मॉनिटर, कॅमेरे, बिलिंग, लोकांचे फोन. ते वेगळं करावं लागेल. मुख्य कार्यालयाने आपल्या शाखेला दोनशे छप्पन पत्त्यांचा एकच गठ्ठा दिलाय, त्याचेच भाग पाडावे लागतील."

"मग पाडा ना. तुम्हाला येतं ना ते?"

"येतं," ती म्हणाली.

घरी जाताना रिक्षात तिने तोच शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिला. येत नव्हतंच. आणि चुकलं तर या वेळी एक चौकट नाही, बाराही राखाडी होणार होत्या. तिने मोबाइलवर तीन-चार व्हिडिओ लावले. शून्य आणि एकच्या रांगा सुरू झाल्या तशी तिने एकेक बंद केला. दोन दिवस तिला धड जेवण गेलं नाही. 'आठ नंबर गेला' हे सारखं कानात घुमायचं. कुठेही काही 'टिंग' वाजलं तरी ती दचकायची.

शनिवारी तिने मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला फोन लावला. दाजी रेल्वेच्या दूरसंचार खात्यात होते.

"दाजी, मला सबनेटिंग येत नाही. कधीच येत नव्हतं. सगळ्यांना खोटं सांगितलंय."

ते आता हसतील, असं तिला वाटलं.

"उद्या दुपारी येतो," दाजी म्हणाले. "वही काढून ठेव. आणि वैजू, नीट जेव."

रविवारी दाजींनी वहीत एक लांब पट्टी काढली. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दोनशे पंचावन्न.

"हे तुझे दोनशे छप्पन पत्ते. आता कुठूनही तोडायचं नाही. अर्धं करायचं, मग त्याचं अर्धं, मग त्याचं अर्धं. बस. आणि मास्क म्हणजे काय? भिंत कुठे आहे ते यंत्राला सांगणारा आकडा. त्यावरून यंत्राला कळतं, कोण आपल्या खोलीतलं आणि कोण बाहेरचं. दोनशे छप्पनातून मास्कचा शेवटचा आकडा वजा कर, खोली किती मोठी ते निघतं."

"म्हणजे 128 असेल तर एकशे अठ्ठावीस. 192 असेल तर चौसष्ट."

"बघ, येतंय की. प्रत्येक खोलीतला पहिला आणि शेवटचा पत्ता कुणाला द्यायचा नाही. पहिला खोलीचा स्वतःचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा."

अकरा वर्षं जे भूत वाटत होतं ते वजाबाकी निघालं. वैजयंताला हसू आलं नाही. उलट भीती वाढली, कारण आता तिला नेमकं कळत होतं की आपण काय केलं होतं.

संध्याकाळपर्यंत आराखडा झाला. शून्य ते एकशे सत्तावीस नातेवाइकांचे फोन. एकशे अठ्ठावीस ते एकशे एक्क्याण्णव कार्यालय आणि वॉर्ड. अतिदक्षता विभागासाठी तिने आधी सोळाच पत्त्यांची खोली केली होती, पण दाजी म्हणाले, "उद्या खाटा वाढल्या तर?" म्हणून ती खोडून बत्तीसची केली, एकशे ब्याण्णव ते दोनशे तेवीस. मॉनिटरचे जुने पत्ते नेमके तिथेच होते, फक्त मास्क बदलायचा होता. उरलेले बत्तीस कॅमेऱ्यांना.

मंगळवारी दुपारी दोनची वेळ ठरली. डॉक्टरांची फेरी झालेली, सगळे वरिष्ठ हजर. रसिकाने चार नर्स उभ्या केल्या, एकेकीकडे तीन-तीन खाटा. "पडद्याकडे कुणी बघायचं नाही," तिने बजावलं, "पेशंटकडे बघायचं."

वैजयंताने आधी मधल्या टेबलावरचं यंत्र पत्त्यांच्या नव्या खोलीत नेलं. पडद्यावरच्या बाराही चौकटी एकदम राखाडी झाल्या. हे होणार हे तिला माहीत होतं. बारा माणसं आता फक्त चार बायकांच्या डोळ्यांवर होती.

एक नंबर. वायर बदलली, वहीत बघून मास्क भरला. चौकट हिरवी. दोन. तीन. सहा. सात. सातही हिरव्या.

आठ नंबर. बाबाजी डोळे मिटून पडले होते. तिने मास्क भरला, मॉनिटर चालू झाला, आणि पडद्यावरची चौकट राखाडीच राहिली.

तिने वायर काढून लावली. राखाडी. वायर बदलली. राखाडी. पत्ता पुन्हा तपासला, बरोबर होता. त्यावर दुसरं कुणीही नव्हतं. हीच खाट. पुन्हा हीच. काचेबाहेर शालू उभी होती, तिने हातानेच विचारलं, काय झालं?

"मॅडम?" रसिका हळूच म्हणाली. "जुन्यासारखं करायचं का परत?"

"थांबा."

ती नऊ नंबरवर गेली, तिथेही वायर बदलून मास्क भरला. तीही चौकट राखाडी. म्हणजे खाट नाही, बाबाजी नाहीत, वायर नाही. सातपर्यंत चालतंय, आठपासून नाही. दोनशे सातपर्यंत चालतंय, दोनशे आठपासून नाही. इथे भिंत आहे. पण इथे भिंत यायचं कारण नाही, भिंत तर दोनशे तेवीसच्या पुढे आहे.

तिने वही पाहिली. मास्कच्या रकान्यात 240 लिहिलं होतं.

दोनशे छप्पन वजा दोनशे चाळीस, सोळा. सोळाची खोली एकशे ब्याण्णववर सुरू होते आणि दोनशे सातला संपते. खोली खोडून बत्तीसची केली तेव्हा मास्क तसाच राहिला होता. टेबलावरचं यंत्र भिंतीच्या अलीकडे बसलं होतं आणि आठ नंबर भिंतीपलीकडून त्याला शोधत होता.

"दोनशे चोवीस," ती मोठ्याने म्हणाली. सिस्टरांना काहीच कळलं नाही.

तिने टेबलावरच्या यंत्रात 224 भरलं, मग आठ नंबरमध्ये. दोन सेकंद. तीन. चौकट हिरवी झाली आणि बाबाजींची रेषा धावू लागली. ठोके बहात्तर. नऊ, दहा, अकरा, बारा. बाराही आल्या.

"झालं!" रसिकाने तिचा खांदा दाबला. "जा, चहा घ्या."

"पहिल्या सात राहिल्या. त्यांचाही मास्क चुकीचाच आहे."

"अहो, चालतायत ना? दिसतायत की सगळे."

"अकरा वर्षं चालतंय म्हणूनच ठेवलं होतं मी," वैजयंता म्हणाली आणि पुन्हा एक नंबरकडे गेली. सातही मॉनिटर एकेक करून तिने दुरुस्त केले. चार वाजायला दहा मिनिटं होती.

त्याच दुपारी ती उत्तम सरांच्या खोलीत गेली. काम झालं म्हणून ते खुशीत होते. तिने उभ्यानेच सांगितलं, "सर, बुधवारी मॉनिटर गेला तो माझ्यामुळे. पत्त्यांची मर्यादा मीच वाढवली होती, न तपासता. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला हे काम येत नव्हतं."

उत्तम सरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"हो सर."

"लेखी द्या."

तिने लेखी दिलं. तीन दिवस निकाल आला नाही. त्या तीन दिवसांत तिने ड्रॉवर आवरून ठेवला होता आणि वडिलांना काहीच सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी ताकीदपत्र आलं. नोकरी राहिली. पत्रात आणखी एक ओळ होती: यापुढे जाळ्यातला कुठलाही बदल दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय करायचा नाही. वैजयंताने ती ओळ दोनदा वाचली. इतकी वर्षं आपलं काम कुणीतरी तपासेल या धास्तीत गेली होती. आता रोज तपासणार होते, आणि तिला त्या ओळीचाच आधार वाटला.

बाबाजींना जनरल वॉर्डात हलवल्याचं कळलं तेव्हा ती त्यांना बघायला गेली. आजवर तिने त्यांचा चेहरा धड पाहिलाच नव्हता. ते उशीला टेकून बसले होते, शालू त्यांना पेज भरवत होती.

"कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवाली बाय हाय ती," शालू म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या मशिनीशी झटत व्हती."

वैजयंताला खूप सांगायचं होतं. वाक्यं जुळवूनच ती आली होती. म्हणाली एवढंच, "बाबा, त्या बुधवारी तुमचे ठोके टेबलावर दिसले नाहीत. चूक माझी होती."

बाबाजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना कितपत समजलं कोण जाणे.

"आता दिसतान ना समद्यांचे?"

"दिसतात."

"मग काय न्हाय," म्हणून त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

ती वॉर्डातून बाहेर पडली आणि जिना चढून वर अतिदक्षता विभागात गेली. टेबलाशी रसिका नव्हती, दुसरीच नर्स होती. वैजयंता तिच्या मागे उभी राहून पडद्यावरच्या चौकटी मोजू लागली. बारा भरल्या. तरी तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.