वाचनालयातल्या चाळीस नोंदी

रविवार, ९ नोव्हेंबर

मंडळी, तीन महिने गटावर एक ओळ लिहिली नाही, माफ करा. वाचनालयासाठी पुस्तक-नोंदणीचा प्रोग्राम करत होतो. आज तो तिथल्या जुन्या संगणकावर, हलक्या लिनक्सवर, चालवून दाखवायचा होता. पानसेकाकांनीही एक केला होता. दोन्हींतला एकच ठेवणार होते.

माझा उघडलाच नाही. फाइलचा मार्ग मी माझ्या घरच्या संगणकाचाच लिहून ठेवला होता.

"भिया, तुझा प्रोग्राम तर तुकोगंजात तुझ्या घरी फाइल ढूंढतोय!" काका म्हणाले. सगळे हसले.

काका मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल बंद पडल्यावर, पन्नाशीत, संगणक शिकले, तेही माझ्याकडूनच. त्यांचा प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला. ग्रंथपालबाईंनी लगेच चाळीस पुस्तकं नोंदवली. मी एम.एस्सी. झालेला माणूस, बाजूला उभा राहून जळत होतो.

तेवढ्यात मला दिसलं, की काकांचा प्रोग्राम नोंदी तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतोय. ही सिस्टिम मेमरीतून चालते. संगणक बंद केला की ते फोल्डर रिकामं होतं. मी बोललो नाही. उलट बरं वाटलं. चहा पिऊन घरी आलो.

आता सहा वाजलेत. वाचनालय पाचलाच बंद होतं, तेव्हा संगणकही बंद करतात, म्हणजे बाईंची मेहनत गेली. चूक काकांची म्हणू की माझी? माझ्या जागी तुम्ही बोलला असता का?

उद्याचं काम: वाचनालय उघडायच्या आधी काकांच्या घरी जाऊन, मला हे आधीच दिसलं होतं, असं सांगणे.