सायकलच्या मागची जागा

मी सायकलवरून काजूच्या झाडाला कशी मिठी मारली, ते घरात मीच हातवारे करून सांगत असे. हल्ली कोणी ती गोष्ट काढली की संताप येतो.

रत्नागिरीपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या हायस्कूलच्या हेडमास्तरांनी पालकांना बजावलं होतं, "लांबच्या मुलांना सायकलवर पाठवा. चालून दमलेलं पोर वर्गात झोपतं." वडिलांनी मुंबईच्या काकांना लिहिलं, आगबोटीने सायकल आली, झेंडूची माळ घालून तिची पूजा झाली. मग मला वर बसवलं. मी पडलो.

माझी धाकटी बहीण गावची शाळा पहिल्या नंबराने संपवून घरी बसली होती. एवढ्या लांब मुलगी चालत जाणार कशी, म्हणे! ती मात्र कातळावर, परकराचा काचा मारून, चोरून दोन दिवसांत सायकल शिकली. मला पंधरा दिवस लागले, तेही तिने मागून धरलं म्हणून. "दादा, समोर बघ, खाली नको!" ती ओरडायची. मी खाली बघायचो आणि खालीच जायचो.

एके संध्याकाळी आईने तिच्या शाळेचा विषय काढला. वडील ओटीवरून म्हणाले, "काय रे, मागे बसवून नेशील बहिणीला? नेणार असलास तर उद्याच नाव घालतो."

बहीण दारात येऊन उभी राहिली.

मला फक्त वर्गातली पोरं दिसली, फिदीफिदी हसणारी. म्हटलं, "बाबा, चढ फार आहे. दोघांना नाही जमायचं."

चढ! आदल्या रविवारी ती मला मागे बसवून तोच चढ चढली होती. पण हे बोलली असती तर चोरून शिकल्याबद्दल मार खाल्ला असता. ती दारातून आत निघून गेली. वडिलांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना तरी कुठे फार घाई होती? वर्षभरात तिचं लग्न लावून मोकळे झाले.

परवा ती माहेरी आली होती. माझ्या मुलाने काजूच्या झाडाची गोष्ट काढलीच. ती मनापासून हसली. "तुझ्या बापाला मीच शिकवलंय हो!"

"मग आत्या, तू का नाही गेलीस शाळेत?"

"चढ फार होता रे," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

अगो, एकदा तरी चारचौघांत खरं सांगून टाक, शिव्या दे, असं ओरडावंसं वाटलं. ओरडलो, पण मुलावर. अभ्यासाला बस म्हणून.