फ्रिजच्या दारातलं विरजण

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. शारजातल्या अल नहदा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी पडदे ओढले की सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. एसीची घरघर, पडद्यातून झिरपणारा पिवळट उजेड आणि बाथरूममधून मधूनच एक आवाज, बुडुक. तिथल्या झाकलेल्या बादलीची नळी पाण्याच्या ग्लासात सोडलेली असायची. त्या आवाजावर मला छान डुलकी लागायची.

बादलीत बीअर. तीही शारजात, जिथे दारूला सक्त बंदी! डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाचं हे काम नव्हे. पण उद्योग थोरल्या दिरांचा, ते आमच्याकडेच राहायचे. साइटवरच्या गोऱ्या साहेबाकडून त्यांनी यीस्ट आणलं आणि बिनदारूच्या माल्ट-पेयाचे कॅन बादलीत ओतून, साखर घालून सुरू झाले. बादली रिकामी झाली की तळाचा गाळ बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. पुढच्या खेपेला तोच घालायचा. "अगं, विरजणच हे," मला म्हणायचे. लेक शाळेत काही बरळू नये म्हणून आम्हीही विरजणच म्हणायला लागलो.

मग त्यांची नोकरी गेली. ते गावी परतले आणि थोड्याच दिवसांत छातीत कळ येऊन गेले. नवऱ्याचा पासपोर्ट कंपनीकडे; तो हातात येईपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. तो रडला नाही. बरणी मात्र जपायला लागला. स्वतः फारसा प्यायचाही नाही, तरी बादली लावायचा, गाळ राखायचा. मी करवादायचे, पण त्या बरणीला हात लावायची माझी छाती नव्हती.

वर्षभराने सासूबाई आल्या. एका संध्याकाळी मी खाली भाजीला गेले होते, तेव्हा त्यांनी नातीला विचारलं, "विरजण कुठाय गं?" टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "फ्रिज डोअर, आजी. द ग्लास वन." सासूबाईंनी अख्खी बरणी कोमट दुधात ओतली आणि घासून पालथी घातली.

सकाळी पातेल्यात दूध ते दूधच. "मेलंय तुमचं विरजण," त्या म्हणाल्या. "ओतून टाक."

नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून आला. पालथी बरणी बघून ओट्यापाशी खालीच बसला. "आई, ते दादाचं होतं," एवढंच म्हणाला आणि हुंदके द्यायला लागला. पुढचं सगळं मीच सांगितलं, दारू हा शब्दसुद्धा न गाळता. म्हटलं, आता होऊन जाऊ दे काय आरडाओरडा व्हायचाय तो. पण त्यांनी पातेलं अलगद कलतं केलं आणि वरचं दूध वाटीवाटीने काढलं. तळाशी करडा गाळ होता.

"याला खायला काय लागतं?"

"साखर," मी म्हटलं.

तो गाळ घालून बादली लावली. दिवस गेला तरी हूं नाही की चूं नाही. दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला गेला, लेक शाळेत. सासूबाई बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या. मी पडदे ओढून आडवी झाले, डोळा लागतच होता.

बुडुक.

मी उठून बघते तर त्या वाकून झाकणावरून हात फिरवत होत्या. "उठलास होय रे," त्या म्हणत होत्या, "किती वेळ झोपलास."