मागच्या बाकावरून बंगळूर

मिरजेहून संध्याकाळी निघालेली गाडी सकाळी तुमकूर ओलांडून पुढे आली, तेव्हा खिडकीबाहेर नारळाच्या बागा आणि त्यांच्यामागे गोल, उघडे खडक दिसू लागले. समोरच्या बाईंनी विचारले, "बंगळूरला कोणाकडे?" मी म्हणाले, "मावसबहिणीकडे." चाळिशीच्या उंबरठ्यावर व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पदवीसाठी महाविद्यालय निवडायला निघाले आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

तत्त्वज्ञानात एम.ए. होऊन मी वडिलांच्या मसाल्याच्या कारखान्यात पत्रव्यवहार पाहत असे. वडील, म्हणजे आमचे दादा, आता थकले होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने आमचा सगळा माल घेऊन स्वतःच्या नावाने विकण्याचा प्रस्ताव मांडला होता. पाकिटावरून आमचे नाव जाणार होते. ते शेठ आमच्याकडे आले, त्या बैठकीत मला 'नको' म्हणायचे होते. शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला. शेठ गेल्यावर दादा म्हणाले, "तू चालवणार असशील तर सांग. शिकायचं असेल तर तोवर मी रेटतो. नाहीतर त्यांना होकार कळवतो." मी चालवणार, असे मी सांगितले. शेठ महिनाअखेर उत्तरासाठी पुन्हा येणार होते.

बंगळूरच्या चामराजपेटेत माझी मावसबहीण सुभद्राअक्का दारातच उभी होती. तिच्या सासरचे लोक तीन पिढ्यांपासून इथले. "बा ग, बा (ये)! स्वल्प (थोडी) कॉफी घे, मग बोल. एवढं शिकलीस, आणि काय शिकतीस ग आता?"

"धंदा."

"त्याला कॉलेज कशाला? बाजारात चार माणसांशी भांडता आलं की झालं."

"तेच तर येत नाही, अक्का."

ती पदर तोंडाला लावून हसली. "सरी (ठीक). मग भांडायचं कॉलेज बघ."

पहिले महाविद्यालय शहराच्या मध्यभागी होते. दगडी इमारत, आवारात गुलाबी फुलांनी भरलेली झाडे, वाचनालयात पंख्यांचा मंद आवाज. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला आदराने खुर्ची दिली. "आमच्याकडे प्राध्यापक शिकवतात, विद्यार्थी टिपून घेतात. वर्गात कोणी कोणाला प्रश्न विचारून अडचणीत आणत नाही," ते म्हणाले. मला इतके हायसे वाटले की तिथेच प्रवेश घ्यावा, असे मनात आले. दुसरे महाविद्यालय पाहायचे ते केवळ ठरवले होते म्हणून.

ते आनेकलच्या वाटेवर, कारखान्यांच्या वस्तीत होते. बस आली आणि मी सवयीप्रमाणे मागच्या दाराने चढले. भोवती सगळे पुरुष. कंडक्टर ओरडला, "अम्मा, मुंदे होगी (पुढे जा)! लेडीज मुंदे!" बंगळूरच्या बसमध्ये स्त्रिया पुढच्या दाराने चढतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी खाली उतरून पुढच्या दाराकडे धावले, तेव्हा सारी बस खोळंबली होती. वाटेत निलगिरीची झाडे, कापून नेलेली नाचणीची शेते आणि त्यांना लागून नव्या कारखान्यांच्या भिंती दिसत राहिल्या. महाविद्यालयाजवळच्या खाणावळीत मुद्दे (नाचणीचा उकडलेला गोळा) खाल्ला. मी तो चावू लागले, तर वाढणारी बाई म्हणाली, "अक्का, चावायचं नाही, गिळायचं!" घास सारात बुडवून घशाखाली उतरवण्याचे ते कौशल्य मला शेवटपर्यंत साधले नाही.

संध्याकाळचा वर्ग कामावरून आलेल्या माणसांनी भरला होता. परवानगी घेऊन मी पाहुणी म्हणून मागच्या बाकावर बसले. प्राध्यापिकाबाईंनी एका लोणचेवाल्याची हकिकत मांडली: मोठा दुकानदार त्याचे लोणचे स्वतःच्या नावाने विकायला मागतो, त्याने काय करावे? ही तर आमचीच गोष्ट होती. वाद सुरू झाला, आणि अचानक बाई माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "पाहुण्यांचे मत काय?"

मी ताडकन उठले, हात मागे बांधले. शाळेत आम्हाला असेच शिकवले होते. वर्गात हशा पिकला. "इथे उभे राहून उत्तर द्यायची पद्धत नाही," बाई म्हणाल्या. "बसा, पण बोला." मी बसले. नाव गेले की उद्या त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाचेही लोणचे त्या बरणीत भरता येईल, एवढे कसेबसे बोलले. पुढच्या बाकावरचा निळ्या गणवेशातला सुपरवायझर लगेच वळला. "पण दुकानात जागाच मिळत नसेल, तर नाव कोणाला दाखवणार?"



वर्ग सुटल्यावर तोच माणूस जवळ आला आणि मराठीत म्हणाला, "मिरजेच्या काय हो तुम्ही? बोलण्यावरनं वाटलं. आमचं शेजारचंच, अथणी. रागावला काय?"

"नाही. पण तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही."

"मग या की भांडायला. मी हितंच असतोय!"

परतीच्या बसमध्ये मी पुढच्या दाराने चढले. दगडी इमारतीत मी उत्तम गुण मिळवले असते आणि गेले तशीच परत आले असते. निर्णय व्हायला तेवढा प्रवास पुरला.

"कुठलं ग?" अक्काने विचारले.

"भांडायचं."

मिरजेच्या फलाटावर दादांनी पिशवी हातातून घेतली आणि म्हणाले, "शेठ उद्याच येताहेत. लवकर उत्तर हवंय त्यांना."

रात्रभर गाडीत मी त्या सुपरवायझरशी मनातल्या मनात वाद घातला होता. मुंबईतल्या दुकानांत आम्हाला जागा नव्हती, हे खरेच होते. पण सांगली-कोल्हापूरच्या दुकानांत होती, आणि ती आमच्या नावामुळे होती. पुरते उत्तर माझ्याकडे अजूनही नव्हते. ते शोधायला शिक्षणाची दोन वर्षे होती, परंतु त्यासाठी नाव आधी शाबूत राहायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी शेठ आत आले, तशी मी सवयीने उठले. नमस्कार केला आणि पुन्हा खुर्चीवर बसले. दादा काही बोलायच्या आतच मी म्हणाले, "नाव आम्ही देणार नाही. माल हवा असेल तर आमच्या पाकिटात घ्या."

शेठ दादांकडे पाहू लागले. दादा माझ्याकडे पाहत होते.

"कारखाना तीच चालवणार आहे," ते म्हणाले. "तुम्ही तिच्याशी बोला."