समोरच्या दाराची बेल

सरावलीतल्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर दोनच दारं, एकमेकांच्या तोंडासमोर. दुसऱ्या मजल्यावर एक आमचं आणि दुसरं सोसायटीच्या सेक्रेटरीचं. मी बोईसरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. नाइट ड्युटी वरचेवर असते. सकाळी घरी येते, नवरा कारखान्यात गेलेला असतो, आणि मी पडदे ओढून झोपते. दिवसा झोपणाऱ्या बाईला लोक आळशी समजतात. सेक्रेटरीही तसंच समजायचा.

भिंतीतल्या वायरची जुनी बेल शॉक द्यायला लागली, तेव्हा आम्ही स्टेशनजवळच्या दुकानातून बिनवायरची बेल आणली. बाहेर दाराला चिकटवायचं बटण, आत कपाटावर ठेवायचा सेलवर चालणारा छोटा डबा. थोड्याच दिवसांत सेक्रेटरीने त्याच दुकानातून तशीच बेल आणून लावली. त्या दिवसापासून त्याच्या दारावरचं बटण कोणी दाबलं की आमच्या घरातल्या डब्यातला पक्ष्याचा आवाज किंचाळायचा.

सेक्रेटरी विम्याची कामं करायचा. सोसायटीतले भाडेकरूही त्याच्याकडेच यायचे, कोणी पाण्याची तक्रार घेऊन, कोणी खोली सोडताना. दुपारपर्यंत माणसांची रीघ. मी दचकून उठायची, ओढणी शोधायची, दार उघडायची, तर समोर पाठमोरा कोणीतरी. एखादा कंपनीतला कामगार वळून मलाच विचारायचा, “साहब हैं क्या?” तेवढ्यात समोरचं दार उघडायचं आणि सेक्रेटरी माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याच्याकडे कोण येतं हे बघायलाच उभी आहे. एकदा त्याने ते बोलूनही दाखवलं. म्हणाला की काही लोकांना दुसऱ्याच्या दारात फार रस असतो.

मी सरळ त्याच्या घरी गेले. दोन्ही बेल एकच झाल्यात, तुमची बदलून घ्या, आमची आधीची आहे, असं सांगितलं. तो वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, “कशाला बदलाबदली? शेजारी आहोत, चालतं.” मी म्हटलं, मग आम्ही आमची बदलतो. तर त्यालाही त्याची हरकत. बदलायचं काहीच कारण नाही, विनाकारण खर्च कशाला, असं मलाच समजावत बसला. या माणसाला माझ्या खर्चाची एवढी काळजी का, हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त त्याचा राग आला.

मग मी ड्युटीवरून आले की डब्यातले सेल काढून ठेवायला लागले. कित्येक दिवसांनी सलग झोप मिळाली. पण आठवडाही झाला नसेल, सेक्रेटरीने मला जिन्यात अडवलं. बेल बंद ठेवणं बरं नाही, उद्या आगबिग लागली तर माणसाने कळवायचं कसं, असं बराच वेळ ऐकवलं. मी म्हटलं, माझी बेल माझ्या घरात आहे. तो लाल झाला. त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणंच सोडलं, आणि मला बरंच वाटलं.

आणि मग आईची गोष्ट घडली.

माझं माहेर इथून जवळच, समुद्राकाठच्या गावात. आई आधी कळवून कधीच येत नाही. त्या दिवशी होडीवरून ताजी मांदेली मिळाली म्हणून रिक्षा पकडून ती थेट आमच्याकडे आली. डब्यात सेल नव्हते. फोन आवाज बंद करून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. तिने दार ठोकलं, पण तिचं ठोकणं म्हणजे दोन बोटांचं, कोणाची झोपमोड होऊ नये असं. मला काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी फोन बघितला तर तिचे कॉल येऊन गेलेले. मी लावला. ती अजिबात रागावली नव्हती, त्यानेच मला जास्त लागलं.

“तुज्या समोरचा मानूस भायेर आला,” ती म्हणाली. “तो बोलला, घरात कोन नाय, ती बाहेरगावी गेली. मंग मी काय करू? आली परत.”

मासळीचं काय केलंस म्हणून विचारलं, तर उन्हात खराब होईल म्हणून वाटेतच कोणाला तरी देऊन टाकली म्हणाली.

मी चप्पलही न घालता समोरचं दार वाजवलं. सेक्रेटरीनेच उघडलं.

“मी आत झोपलेय हे तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं. “सकाळी मी जिना चढताना तुम्ही दारातच उभे होता.”

“बेल बंद ठेवणाऱ्याच्या घरी कोणी नाही असंच धरायचं,” तो म्हणाला.

“माझ्या आईला तुम्ही खोटं सांगितलंत. बाहेरगावी गेली म्हणून.”

“सिस्टर, तुमच्याकडे कोण येतं ते बघायला मी तुमचा वॉचमन नाही.”

मला हात उचलावासा वाटत होता. मी तशीच परत आले आणि त्या रात्री ड्युटीला जाईपर्यंत नवऱ्याशीही धड बोलले नाही.

सुट्टीच्या दिवशी मी बेल घेऊन बसले. एका मेकॅनिकचा हिंदी व्हिडिओ लावला आणि भाजी चिरायच्या सुरीच्या टोकाने बटणाचं मागचं झाकण काढलं. आत पिनांची बारीक रांग, आणि त्यातल्या एका जोडीवर बसवलेली काळी इवलीशी टोपी. डब्यातही तशीच रांग, तशीच टोपी, त्याच जागी. कारखान्यातून सगळ्या बेल अशाच येतात, म्हणून एकाचं बटण दुसऱ्याचा डबा वाजवतं. दोन्हीकडच्या टोप्या पुढच्या एकाच जागेवर सरकवल्या की झालं. मी सरकवल्या, सेल घातले, झाकणं दाबली. आमचं बटण दाबलं, बेल वाजली. मग कोणी नाही असं बघून समोरचं दाबलं. आमच्या घरात चिटपाखरू ओरडलं नाही. इतकं सोपं होतं हे, आणि त्यापायी मी कित्येक महिने झोप घालवली होती.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीची बायको दारात आली. बिचारी कधी कोणाच्या अध्यातमध्यात नसायची.

“तुमची बेल बिघडली का हो?” तिने विचारलं.

मी म्हटलं, छान वाजते.

“मग ऐकू कशी येत नाही? आमच्याकडे माणसं येऊन तशीच उभी राहतात.”

माझ्या बेलचा तुमच्या माणसांशी काय संबंध, मी विचारलं. मग तिने सांगितलं. त्यांच्या डब्यातले सेल कधीच गळले होते, आतल्या स्प्रिंगा हिरव्या पडल्या होत्या. तिने नवऱ्याला दुरुस्त करायला सांगितलं, तर तो म्हणाला, कशाला, समोरची वाजते ती दारातून ऐकू येते. तेव्हापासून आमच्याच बेलवर त्यांचं भागत होतं.

मी दार लावलं. इतके दिवस त्याची माणसं आली की आधी मी उठत होते, आणि माझ्या झोपेवर तो आपलं दार उघडत होता. वॉचमन तो नव्हताच. मी होते.

पण सुटका झाली नाही. आधी बेल वाजली नाही तर वाट बघून परत जाणारे त्याचे लोक आता दार ठोकायला लागले. मुठीने, कडीने, एकाने तर हेल्मेटने. तीन सकाळी अशा काढल्यावर मी लिंबाची फोड, जुना दातांचा ब्रश आणि नेलफायलर घेऊन त्याच्या घरात गेले. त्याच्या बायकोने, काकूंनी, डबा आणून दिला. मी लिंबाने स्प्रिंगा घासल्या, फायलरने खरडून चमकवल्या, पुसून कोरड्या केल्या आणि त्यांच्याकडून नवे सेल मागून घातले. सेक्रेटरी माझ्या डोक्यावर उभा होता.

“जपून,” तो म्हणाला. “तुटलं तर भरून द्यावं लागेल.”

मी त्याच्याकडे बघितलंही नाही. काकूंनी बाहेर जाऊन बटण दाबलं. बेल वाजली. तो म्हणाला, आवाज जरा कमीच वाटतो. काकूंनी चहा टाकला होता, पण त्या घरात मला बसायचं नव्हतं. मी ब्रश उचलून निघाले.

चार दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला. काही सभासदांच्या बेलमुळे शेजाऱ्यांना त्रास होतो, सेक्रेटरींनी पुढाकार घेऊन दुसऱ्या मजल्यावरचा प्रश्न सोडवला आहे, इतरांनीही सहकार्य करावं. खाली लोकांनी हात जोडले होते, अंगठे दाखवले होते. नवरा उत्तर लिहायला निघाला. मी नको म्हटलं. काकूंना घरात त्याचं ऐकावं लागलं असतं.

आता मी दिवसा नीट झोपते. जिन्यात समोरासमोर आलो की तो फोनमध्ये बघतो आणि मी भिंतीच्या बाजूने चढते.